लिंडनबुटेलच्या वेशीवरचा दगड

२९ मे २००६, सोमवार

दगडाला कुंकू लावलं म्हणून एवढा तमाशा! पोलीस आले असते तर त्यांनाही लावलं असतं.

काल पोचले. आज सकाळी सुधीर म्हणाला, आई, चल, गाव दाखवतो. गाव कसलं, तीन गल्ल्या आणि एक चर्च. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, शेणाचा पो नाही. असल्या गावाचा मला आधीच संशय येतो. गल्ली संपून शेतं लागतात त्या कोपऱ्यावर एक मोठं झाड आणि झाडाखाली दगड. कमरेइतका उंच, निम्मा मातीत, एक हात तुटलेला, तोंड नाही, अंगावर शेवाळ. वेशीवर असला दगड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. सुधीर फोनवर बोलत पुढं गेला होता. पिशवीत कुंकवाची डबी होती — लावलं. कुणाच्या तरी कुंपणातलं फूल तोडून ठेवलं. मागितलं काही नाही. नव्या गावात आलं की वेशीवरच्याला आलो म्हणून सांगायचं असतं, इतकंच. सुधीरला नाही का, इथं राहायला आल्या आल्या ऑफिसात जाऊन आनमेल्डुंग करावी लागली? नाव नोंदवल्याशिवाय म्हणे घरही मिळत नाही. मी वेशीवर नोंदवलं. फरक काय?

समोरच्या खिडकीत एक म्हातारी. खिडकीच्या कट्ट्यावर उशी, उशीवर दोन्ही कोपरं, आणि नजर थेट माझ्यावर. ल्यूडर्सबाई म्हणे. दिवसभर तिथंच असते. तिनंच चुगली केली असणार, कारण घरी येऊन चहा होतोय तोवर मालक दारात. ओपरमान. उंच, पांढऱ्या मिश्या. आवाज चढवला नाही, पण नाक लाल झालेलं. हे घर त्याचं, आणि गावात जुन्या वस्तू जपणारं जे मंडळ आहे — फेराईन — त्याचा अध्यक्षही तोच. तो दगड म्हणजे क्रूस आहे, पाचशे वर्षांचा आहे, सरकारी यादीतला आहे.

मग माझा इंजिनियर मुलगा बादली आणि ब्रश घेऊन रस्त्यात गुडघ्यावर. ओपरमान वर उभा राहून सांगतोय, हळू, हळू. लाल डाग थोडा राहिलाच.

"आई, तुला विचारता येत नाही का?"

"देवाला विचारून कुंकू लावतात होय रे?"

"तो देव नाहीये!"

मग कोण आहे ते सांग म्हटलं. तर म्हणे नंतर.

३० मे

अवनीनं तिच्या शाळेची एक कोरी वही दिली. बोलायला इथं आहे कोण? सुधीर दिवसभर गाड्यांच्या कंपनीत. सून सोफ्यावर. नात सात वर्षांची — मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. मी चौथी पास. पण मनातलं लिहिण्याइतकी अक्षरं येतात.

३ जून, शनिवार

फेराईनचं म्युझियम पाहिलं. जुन्या शाळेची एक खोली. दोरी लावून आत काय ठेवलंय — लोणी काढायची रवी, विळे, कणीक मळायची लाकडी परात, चुलीला फुंकायचा भाता! प्रत्येकापुढं चिठ्ठी. यातलं निम्मं माझ्या माळ्यावर पडलंय, मुलांनी भंगारवाल्याला दिलं नसेल तर. सुधीर एकेक वस्तू दाखवून सांगत होता. छातीवर फेराईनचा बिल्ला. अख्ख्या फेराईनमध्ये परदेशी हा एकटाच. जुलैत गावाला आठशे वर्षं होतायत, त्याची जत्रा, आणि त्यात सुधीरचं भाषण आहे. जर्मनमध्ये! त्या दगडावरच बोलणार आहे.

"स्वतःच्या गावच्या म्हसोबाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते सांग बघू," म्हटलं.

पुढच्या चिठ्ठीकडं वळला. पूर्वेला आहे. विसरला असणार.

दगडाची गोष्ट तेवढी सांगितली. दोन धनगर भांडले. एकानं दुसऱ्याला मारलं. फाशी द्यायच्या ऐवजी पंचांनी मारणाऱ्याला सांगितलं, जिथं मारलंस तिथं दगडी क्रूस उभा कर आणि मेलेल्याच्या घराला मेंढ्या दे. म्हणजे मेलेल्याचा दगड! मग मी काय चुकले? आपल्याकडंही वेशीत कुणी अवेळी गेलं, बाळंतीण गेली, की दगड मांडतातच. म्हटलं, त्याला कुणी इतक्या वर्षांत पाणी तरी दाखवलं का? तर म्हणे, आई, इथं त्याला हात लावत नाहीत, जपतात.

हात न लावता जपतात. लेकरंही तशीच वाढवतात वाटतं.

४ जून

सून काहीतरी लपवते. वैभवी मुळात अशी लोळणारी बाई नाही. अवनीच्या वेळी नवव्या महिन्यात स्कूटर चालवत होती. आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे आणि उठून पाणी घेत नाही. मी आत गेले की नवरा-बायको बोलायचे थांबतात.

मी इथं आलेय ते बाळंतपणाला. तिच्या आईचे गुडघे गेलेत. म्हणून दुसऱ्या मुलाचं, चंद्रशेखरचं घर सोडून, व्हिसाच्या रांगेत उभी राहून आले. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात येता आलं नव्हतं. तेव्हाचं सातव्या महिन्यात गेलं. सुधीरनं फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. कुठं ठेवलं, काय केलं, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी म्हटलं होतं, होतं असं, उठा आणि जेवा. वैभवी त्यावर महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. नसेल बोलली. जेवली तरी का?

या वेळी मी हजर आहे. तेवढं बघायचं. बाकी मला काही नको.

७ जून, बुधवार

घ्या! दगडावर परत काहीतरी!

ओपरमान सकाळीच आला. हाताचं बोट पुढं धरलेलं, बोटावर पांढरा मेणासारखा गोळा. म्हणाला, चरबी. डुकराची असावी. सुधीर आज डॉक्टरकडं वैभवीला घेऊन जायच्या घाईत. तरी त्याच्यासमोर माझ्याकडं वळला. "आई?"

मी कुलदेवीची शपथ घेतली. मी नाही! घराबाहेर पडलेच नव्हते.

"मग कोण लावणार आई इथं? ल्यूडर्सबाई?"

का नाही? म्हातारीला काम काय दुसरं?

मी ओपरमानचं बोट धरलं आणि वास घेतला. तो दचकला. डुकराची चरबी कसली, खोबरेल आहे! इथल्या थंडीत गोठलंय. बोलले नाही. कारण गावात खोबरेल एकाच घरात आहे — बाळाच्या मालिशीला म्हणून मी आणलेलं. माझ्याच बॅगेतून!

८ जून

बाटली बघितली. कमी आहे. बोटभर तरी.

वैभवीवर माझा संशय. का म्हणून विचाराल तर — मी इथं असलेली तिला आवडत नाही. फिरून म्हणते, "अहो आई, तुम्ही बसा ना, मी करते," आणि करत काही नाही. दगडाला तेल लावायचं, नाव माझं, मग सुधीर मला परत पाठवणार. मागच्या बोलण्याचा राग असेल. मनात धरून ठेवणाऱ्यातली आहे.

पण ती तर एकटी जिना उतरत नाही!

१० जून

गावात घरोघर झेंडे लागलेत. गाड्यांवरही. मला वाटलं कुणी मंत्री येतोय. फुटबॉल म्हणे.

बाटली तळघरात ठेवली, केलरमध्ये. बटाट्यांच्या मागं. कुणाला सांगितलं नाही.

१५ जून, गुरुवार

परत! आणि बाटलीही अजून कमी!

या वेळी ओपरमान बसला. कोट काढला नाही, कॉफी घेतली नाही. बराच वेळ बोलला. मधून मधून सुधीर "जा, गेनाऊ, जा, गेनाऊ" — म्हणजे हो, बरोबर. स्वतःच्या आईविरुद्ध काय बरोबर, ते मला वैभवीनं सांगितलं. तो दगड म्हणजे वाळूचा दगड. तेल आत शिरतं, निघत नाही. जत्रेला सरकारी बाई येणार आहेत, त्याच्यापुढं नवी पाटी उघडायला. त्याआधी हे थांबलं नाही, तर हिवाळ्यापासून घर सोडा. त्याच्या मुलीला घर हवंच आहे.

तान्हं बाळ घेऊन घर शोधत फिरायचं! आणि इथं घर मिळत नाही. हे मिळालं ते सुधीर फेराईनमध्ये गेला म्हणून.

ओपरमान गेल्यावर सुधीर खिडकीशी उभा राहिला. माझ्याकडं पाठ करूनच बोलला.

"आई, आता परत झालं तर मला तुझं तिकीट अलीकडं घ्यावं लागेल."

"मी लावलं नाही."

"बरं."

बरं काय बरं! लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा कान लाल व्हायचे, तसे माझे झालेत का बघ म्हटलं. बघितलंही नाही.

१६ जून

आता मी सगळ्यांवर लक्ष ठेवणार.

१९ जून, सोमवार

केलरच्या किल्ल्या दोन. एक आपल्याकडं, एक मालकाकडं! हीटरचं मीटर बघायला तो केव्हाही येतो. आत्ता कुठं डोक्यात प्रकाश पडला. मुलीला घर हवंय ना? मग आमच्याच तेलानं दगड खराब करायचा आणि आम्हालाच बाहेर काढायचं. मिश्या बघूनच मला वाटलं होतं.

वैभवीला सांगितलं. हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. "आई, ते ओपरमान रस्त्यावरचं पान उचलून कचऱ्यात टाकतात हो. ते स्वतःच्या दगडाला तेल लावतील?"

तीच माणसं लावतात.

बाटली केलरमधून काढली. माझ्या कपड्यांत, कुलूपबंद.

२१ जून

अवनी चित्र काढत होती. पोट मोठं केलेली बाई, आणि पोटाच्या खाली लाल शिवण. हे काय गं? तर म्हणाली, "मामा हाट आईनेन फाडन." मामा म्हणजे आई, फाडन म्हणजे दोरा म्हणे. आईच्या पोटात दोरा आहे. डॉक्टरनं शिवलंय, बाळ पडू नये म्हणून. मग एकदम तोंडावर हात. "ओमाला सांगायचं नाही, पापा म्हणाला."

ओमा म्हणजे आजी, मी. एवढं मात्र मराठीत बोलली!

सरळ आत गेले. वैभवीला विचारलं, खरं का? ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"हो. पाचव्या महिन्यातच टाका घातलाय. दर आठ-दहा दिवसांनी बघतात, टिकतोय का. तारखेच्या आधी काढणार."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

म्हणाले असते. नव्हतंच. पण म्हणून सांगायचं नाही? मी इथं काय पाहुणी म्हणून आलेय?

तिच्या पायाखाली उशी दिली. तिनं घेतली.

२६ जून, सोमवार

तूप! या वेळी तूप लावलंय!

तेलाला कुलूप घातलं तर तूप! मी स्वतः परवा इथल्या लोण्याचं कढवलेलं, रवाळ! ओपरमान यायच्या आधी अवनीला शाळेत सोडून येताना मीच पाहिलं. पदरानं पुसलं, पण दगड पिऊन बसला होता. काळा डाग तळहाताएवढा. समोर ल्यूडर्सबाई उशीवर. मी तिच्याकडं बघून हात जोडले नाहीत, नुसतं बघितलं — बघ, मी पुसतेय, लावत नाहीये! तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय घ्यायचा?

ओपरमाननं मात्र दुपारी पाहिलंच. आत आला नाही. दारातूनच सुधीरला फोन लावून बोलला.

स्वयंपाकघराची किल्लीही आहे वाटतं त्याच्याकडं. पण तुपाची बरणी कुठली, हे त्याला कसं कळलं?

२७ जून

अवनीला दुभाषी करून ल्यूडर्सबाईकडं गेले. वय सांगू नये, पण माझ्याहून मोठी आहे. केक दिला, कोरडा. मी तिला सरळच विचारलं, तू दिवसभर खिडकीत असतेस. मला लावताना पाहिलंस का?

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मग अवनीकडं. मग एकच वाक्य.

"काय म्हणाली?"

"ती म्हणते ओमा नाही. आइन मान. पुरुष."

"कुठला पुरुष? नाव विचार."

अवनीनं विचारलं. म्हातारीनं केकची ताटली उचलली आणि आत गेली. नाव सांगितलं नाही! आणखी एवढंच म्हणाली म्हणे, की तिच्या आजीच्या काळी बायका त्या दगडाला लोणी फासायच्या, पास्टर ओरडायचा, आणि हे फेराईनला माहीत आहे पण पाटीवर लिहिणार नाहीत.

पुरुष! मी म्हटलं नव्हतं? ओपरमानच!

२८ जून

सुधीरला सांगितलं. म्हणाला, "आई, प्लीज. त्यांच्यावर आळ घेऊ नकोस." उठून गेला.

पहाटे पळायला जातो हल्ली, नवीन बूट घेऊन. पोट कमी व्हायचं नाव नाही.

५ जुलै, बुधवार

काल जर्मनी हरली. आज गाव मयत झाल्यासारखं. झेंडे ओले. मला वाटलं, ओपरमानला डाव साधायचा तर हाच दिवस, रस्त्यावर कुणी नसणार. इथं उन्हाळ्यात पहाट फार लवकर फुटते. शाल घेतली, दगडाजवळच्या बसस्टॉपच्या काचेआड जाऊन बाकावर बसले. त्याला धरायचं, हात धरून आणायचं सुधीरसमोर, आणि मग बघायचं जा गेनाऊ!

आला. ओपरमान नाही.

सुधीर.

मला वाटलं पळत पुढं जाईल. थांबला. इकडं तिकडं पाहिलं. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बूट काढले, मोजे काढले, बाजूला ठेवले. ओल्या रस्त्यावर अनवाणी. खिशातून डबी काढली — माझ्या मेथ्यांची रिकामी डबी! — आणि बोटानं दगडाला तूप फासायला लागला. डाव्या बाजूला सांडत होता. फासताना काहीतरी पुटपुटत होता. मी कानांनी अजून ठणठणीत आहे.

"एवढं राहू दे," म्हणत होता. "या वेळी एवढं राहू दे."

दुसरं काही नाही. तेच तेच.

आज वैभवीची डॉक्टरची वेळ होती. सात जूनलाही होती. पंधराच्या गुरुवारीही, सव्वीसच्या सोमवारीही. माझ्या डोक्यात ते आत्ता आलं! चोर घरात, आणि मी मालकाच्या मिश्या मोजत होते.

मागच्या गल्लीनं आले. तो यायच्या आत चहा ठेवला. आला, दारात बूट काढले. म्हणाला, "छान पळणं झालं आज."

"घाम नाही आला तो?"

"थंडी आहे."

चहा दिला. कान लाल होते.

६ जुलै

राग येतोय. आईला चोर ठरवलं पठ्ठ्यानं! सरळ तोंडावर! तिकीट बदलतो म्हणाला.

आणि बापाच्या हातातून एक लेकरू गेलं, त्याला ठेवायला जागा नाही, बोलायला माणूस नाही, आईनं फोनवर सांगितलं उठा आणि जेवा.

दोन्हींचा राग येतोय. कुणावर काढायचा ते कळत नाही.

९ जुलै, रविवार

आज ओपरमान आला तो बिल्ला लावून, कोट घालून. म्हणजे मालक म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून. पुढच्या रविवारी जत्रा. सोफ्यावर वैभवी, तिच्या पायाशी अवनी. मी भाजी निवडत होते. सुधीर समोर उभा, हात मागं. शाळेत मास्तरसमोर उभा राहायचा तसाच.

ओपरमान हळू हळू बोलला. ओरडला असता तर बरं. वैभवी मला कानात सांगत होती — सरकारी बाईंना आता काय सांगायचं? सुधीरवर विश्वास ठेवून त्यांनी त्याला भाषण दिलं. मंडळातले काही जण आधीच म्हणत होते, बाहेरच्याला कशाला. आता तेच त्यांना तोंड वर करून विचारतायत. एक तर हे आज, इथं, संपतं. नाहीतर भाषणही नाही आणि घरही नाही.

सुधीरचं तोंड पांढरं. मग एकदम म्हणाला, "हेर ओपरमान, इश —"

इश म्हणजे मी. तेवढं जर्मन मला आलंय आता.

सांगायला निघाला होता! सगळ्यांसमोर! त्या पोटुशीसमोर, जिला वाटतंय नवऱ्याला काही चिंता नाही, डॉक्टरवर भरवसा आहे म्हणून छान झोपतोय! ज्या गावात पोट चालवायचंय, घर आहे, लेकीची शाळा आहे, त्या गावात!

मी भाजीचं ताट टेबलावर आपटलं. "इश!" म्हटलं. छातीवर हात मारला. "इश. ओल. श्टाइन. इश!" मी, तेल, दगड, मी. वर तुपाचं जर्मन येत नव्हतं म्हणून बरणीच दाखवली.

अवनी उघड्या तोंडानं माझ्याकडं. तिला माहीत आहे ना, ल्यूडर्सबाई काय म्हणाली ते! मी तिच्याकडं असं पाहिलं की पोर चित्र काढायला लागली.

ओपरमाननं मोठा श्वास सोडला. खूश झाला चक्क! म्हातारी बाई, परदेशी, तिच्या धर्माचं काहीतरी. हे त्याला सरकारी बाईंना सांगता येईल. सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला काहीतरी म्हणाला, तेही गोड आवाजात.

"काय म्हणतो?"

वैभवी सांगेना. मग म्हणाली, "म्हणतायत, ओमा जत्रेआधी घरी गेल्या तर सगळ्यांनाच सोपं जाईल."

"सांग त्याला, जा गेनाऊ."

१० जुलै

वैभवी बोलली. बरंच बोलली. "तुम्ही शपथ घेतली होती आई. कुलदेवीची! माझं बाळंतपण तीन आठवड्यांवर, आणि तुम्हाला एक दगड सोडवला नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता या वेळी."

या वेळी म्हणाली. म्हणजे ठेवला होता! हे मला ठाऊक नव्हतं.

ऐकून घेतलं. मला ऐकून घ्यायची सवय नाही, दात दुखले.

संध्याकाळी सुधीर माझ्या खोलीत. दार लावलं. उभाच.

"आई, तू का —"

"गप. तुला इथं राहायचंय. मला कोण ओळखतं इथं?"

"मी आज सांगतो तिला. आत्ता सांगतो."

"टाका काढेपर्यंत काही सांगायचं नाही. तिला आता एकच माणूस घाबरलेला नको आहे, तो म्हणजे तू. पुढं सांग, नको सांगूस, तुझं तू बघ."

खाली बसला. जमिनीवर. चाळीशीला आलेला माणूस. मी तिकीट विचारलं. शनिवारचं मिळतंय म्हणाला.

"घे मग. आणि तेल-तूप घालताना डावीकडं सांडतोस. नीट घालायचं तर नीट घाल, नाहीतर घालू नकोस."

हसला की काय केलं, मला बघायचं नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालत होते.

१२ जुलै

डिंकाचे लाडू केले, फ्रीजरमध्ये. शेपा भाजून ठेवल्या. सुधीरला अवनीची बाहुली देऊन अंघोळ घालायला लावली. पायांवर आडवी कशी घ्यायची, मान कुठं धरायची. पहिल्यांदा बाहुली पाटाखाली गेली. अवनी किंचाळली, "पापा!" वैभवी दारातून बघत होती. मला बघितल्यावर आत गेली. पण थोडा वेळ होती.

तिच्याकडून निरोपाचा नमस्कार होईल असं दिसत नाही. न होऊ दे. वाकायचं नाहीच आहे तिला.

१३ जुलै

बाळाचं नाव काय ठेवणार, कुणी बोलत नाही. मीही विचारलं नाही. आधी येऊ दे.

१४ जुलै, शुक्रवार

आज पहाटे मी गेले. चपला काढल्या, दगडाला तेल घातलं. दोन्ही बाजूंनी सारखं. मागितलंसुद्धा. ल्यूडर्सबाई खिडकीत होती. तिनं उशी आत घेतली आणि खिडकी लावून घेतली.

आता मी खोटं बोलले, असं कुणी म्हणू नये.